उन्हातली खीर

"पोहे नाहीत. खीर. तीही उन्हावर शिजलेली," पाहुण्यांना गच्चीवर नेत सहादूनं जाहीर केलं. "रॉकेलची रांग नको, धूर नको. उन्हाला रेशनकार्डही लागत नाही."

गंगापूर रोडमागच्या त्या कॉलनीत सरकारी सवलतीत आलेली ही पहिलीच सूर्यचूल. काळी पेटी, वर काच, काचेमागे उभा आरसा. चुलीची आणि मुलीची परीक्षा एकाच दिवशी ठेवायची कल्पना सहादूचीच. त्याची बायको विमलाबाई सकाळपासून आभाळातले ढग मोजत होती. स्टोव्ह त्यानं कालच कुणाला तरी देऊन टाकला होता.

मुलाचे वडील, नांदगावचे सावळीराम, वाकले. "बघू तरी."

सहादूनं काच उचलली. वाफ निघून गेली. मग सावळीरामांच्या पत्नीला, सगुणाबाईंना खीर दाखवली. शेजारच्या भिमाबाई डोकावल्या, त्यांनाही दाखवली. आल्यागेल्याला नाही कसं म्हणायचं?

"शिजली का वो?" थोड्या वेळानं सगुणाबाई.

"होतच आली," म्हणत सहादूनं पुन्हा काच उचलली.

दूर पांडवलेण्यांचा डोंगर उन्हात तरंगत होता. सावळीराम चटईवर कलंडले. मुलीला स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलं नाही. उत्तर पेटीत होतं आणि ते कच्चं होतं.

सहादूचा हात परत काचेकडे गेला, तसा मुलीनं, सुजातानं, काचेवर तळवा ठेवला.

"आता कुणी उघडायचं नाही, बाबा. उघडलं की ऊन पळून जातं."

विचारल्याशिवाय मुलीनं बोलायचं नसतं. तिला अजून कुणी नावही विचारलं नव्हतं. विमलाबाईनं डोळे मिटले.

सगुणाबाईंनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं. मग पेटीशेजारी मांडी घातली. "बसा मंग," त्या नवऱ्याला म्हणाल्या. ते घोरत होते.

सूर्य सरकला. आरशातला कवडसा पेटी सोडून कठड्यावर गेला. इतका वेळ चपलांकडे पाहत बसलेला मुलगा उठला. त्यानं पेटीची एक बाजू धरली, सुजातानं दुसरी. दोघांनी एकमेकांकडे न बघता ती हळूच फिरवली. कवडसा कठड्यावरून उतरला, सगुणाबाईंच्या पदरावरून गेला आणि काचेवर येऊन थांबला.

सावळीराम दचकून जागे झाले. "अगं, गाडीची वेळ झाली!"

"जाऊ द्या तिला," काचेवरची नजर न काढता सगुणाबाई म्हणाल्या. "खीर व्हायचीय."