सिंकखालची गोल खूण

घुगेबाईंनी सिंकखालचं कपाट उघडून आत टॉर्च मारला. पाइपच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं, कपाटाची फळी फुगून वर आली होती.

"काका, खरेदीखतात तुम्ही लिहून दिलंय, घरात कुठेही गळती नाही. प्लंबर म्हणतो, हे जुनं दुखणं आहे."

टिपणीस गुडघा धरून खाली वाकले. "मला खरंच माहीत नव्हतं हो." बायको, शालन, गेली तसे ते मुख्य नळ बंद करून मुलीकडे राहायला गेले होते, आणि बंद घरच त्यांनी विकलं होतं.

"बावीस वर्षं राहिलात काका, आणि माहीत नाही?"

तेवढ्यात टिपणीसांना सांध्याखाली, फळीवर एक पांढरट गोल दिसला. पातेल्याच्या बुडाएवढा. शालन रोज सकाळी एक भरलेलं पातेलं घेऊन त्यांच्या खुर्चीशेजारून गॅलरीत जायची आणि मोगऱ्याला पाणी घालायची. ते पेपर वाचत असायचे. पाणी कुठलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"आता दुरुस्ती कोणी करायची, सांगा," घुगेबाई म्हणाल्या.

बावीस वर्षांत आपण एकदाही इथे वाकून पाहिलं नाही, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

"मी करून देतो. माहीत होतं मला, मीच लपवलं," ते म्हणाले. मग त्या गोलावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "इथे पातेलं असायचं. रोज सकाळी मीच ओतायचो, मोगऱ्याला."