टोपलीतले खडे

"माझ्या पोराच्या अंगात ताप आहे," केझाया म्हणाली. जेवायला बसलेल्या नऊजणांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या खड्यांच्या टोपलीकडे पाहिलं.

होपफील्डच्या शेतावर सगळं सर्वांचं मानून एकत्र राहायचं, त्यामुळे 'माझं' म्हणायला बंदी होती. तोंडून निसटलंच, तर टोपलीतला एक खडा उचलून आपल्या पुढ्यातल्या पत्र्याच्या थाळीत टाकायचा. मीपण असं झिजवायचं म्हणे. केझायाने खडा टाकला. माडीवर चार वर्षांचा एबल खोकत होता, ते खाली सगळ्यांना ऐकू येत होतं.

"ताप शरीराला येतो, भगिनी. आत्म्याला नाही," बंधू व्हीलॉक म्हणाले.

खड्यांची ही युक्ती त्यांचीच. बॉस्टनच्या सभांमधून टाळ्या घेतलेला माणूस. त्यांची थाळी कायम कोरी असायची, कारण ते 'माझं'ऐवजी 'आपलं' म्हणायचे. अंगातला लोकरीचा कोटसुद्धा 'आपला' होता. बाह्यांत हात मात्र त्यांचेच जायचे. बाकीचे भर डिसेंबरात लिननच्या पातळ कपड्यांत कुडकुडत. कापसाला गुलामांचा घाम लागलेला आणि लोकर मेंढीच्या हक्काची, म्हणून दोन्ही वर्ज्य. 'आपला' कोट ज्ञान होण्याआधी शिवलेला, त्यामुळे तो सुटला होता.

दूधही नव्हतं. दूध वासराचं, असं ठरवून गेल्या महिन्यात गाय समारंभाने मुक्त केली होती. ती तडक शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. शेतावर तेवढी एकच शहाणी होती.

केझायाने बोलावून घेतलेला तिचा भाऊ एमॉस दार ढकलून आत आला. त्याच्या बुटांना बर्फ चिकटला होता. "आवर गं. घोडी गारठलीय. घरी चूल पेटवून आलोय, डॉक्टरला निरोप धाडलाय."

"मूल सर्वांचं आहे," व्हीलॉक शांतपणे म्हणाले. "त्याला घेऊन जाणं म्हणजे सर्वांची चोरी."

"सर्वांचं काय?" केझाया त्यांच्याकडे वळली. "मग काल दिवसभर त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायला सर्वांपैकी कोण आलं होतं?"

"मला आतून तशी प्रेरणा झाली नाही," कोपऱ्यातले बंधू एल्डन म्हणाले. खरं होतं. त्यांची प्रेरणा लाकडं फोडायच्या वेळी झोपायची आणि पावाचा वास आला की टक्क जागी व्हायची.

केझायाने नवऱ्याकडे पाहिलं. सायलस थाळीतले उकडलेल्या सलगमाचे तुकडे काट्याने या कडेचे त्या कडेला सारत होता.

"सायलस, येतोस ना?"

"मला जरा अंतर्मुख होऊ दे."

"दारात गाडी उभी आहे, आणि तू अंतर्मुख होतोस?"

"सायलसने मोकळेपणाने ठरवावं," व्हीलॉक म्हणाले. "इथे कोणी कोणाला हुकूम सोडत नाही." आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सायलसने सलगमाचा एक तुकडा काट्याला टोचला. मग म्हणाला, "आपला एबल इथेच बरा होईल, केझाया."

आपला. क्षणभर तिला धीर आला. आपला, म्हणजे तिचा आणि त्याचा. मग तिने पाहिलं, तो बोलताना व्हीलॉककडे बघत होता.

ती माडीवर गेली. एबलला गोधडीत गुंडाळून, खांद्यावर टाकून खाली आली. जाता जाता चुलीवरची किटली उचलून तिने एमॉसच्या हातात दिली आणि टेबलापाशी थांबली.

"माझा मुलगा," ती म्हणाली, आणि एक खडा थाळीत टाकला. "माझी गोधडी." दुसरा. "माझी किटली." तिसरा.

चौथा खडा तिने उचलला. सायलसने मान वर केली. हातातला काटा तसाच धरून तो खुर्चीवरून अर्धवट उठलाही. आता कोणता शब्द येणार, ते टेबलावरच्या सगळ्यांना कळलं होतं.

केझायाने त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खडा परत टोपलीत ठेवला.

दार लागलं. बाहेर घोडीच्या गळ्यातल्या घंटा वाजू लागल्या आणि हळूहळू लांब गेल्या.

"माझी बायको..." सायलस म्हणाला.

व्हीलॉकनी टोपली हळूच त्याच्याकडे सरकवली. सायलसने एक खडा उचलला, थाळीत टाकला आणि खाली बसला.