सतरा नंबरचा दिवा

“सतरा नंबरला वायरच नाही, साहेब! तिकडे मी कशाला काही पाठवीन?” राउटर सांभाळणारी बाई फोनवर कडाडली. सकाळपासून अर्ध्या इमारतीचा डेटा त्या रिकाम्या पोर्टमध्ये गडप होत होता, आणि साहेब खापर तिच्याच माथी फोडत होते.

“डेटाचे रस्ते राउटरमधलं कंट्रोल कार्ड ठरवतं. आणि कार्ड तुमच्या ताब्यात आहे,” साहेबांनी सुनावलं.

बारा वर्षं राबून हे ऐकायचं? तिने तिरमिरीत कंट्रोल कार्ड खसकन उपसून काढलं. आता राउटर जुन्या यादीप्रमाणे डेटा पुढे ढकलत राहणार होता. नवा रस्ता ठरवणारं मात्र आत कोणी उरलं नव्हतं.

“घ्या! कार्ड माझ्या हातात आहे. आता बोला!”

तेवढ्यात राउटरवर अठरा नंबरच्या पोर्टचा दिवा लागला, म्हणजे डेटा आता तिकडे जाऊ लागला. तोही पोर्ट रिकामाच होता.

“बघा, आत्ता अठराकडे वळवलंत,” साहेब म्हणाले. “इथे माझ्या स्क्रीनवर तुमच्याच नावाने नोंद आली.”

“माझ्या नावाने?” संतापाने तिचा आवाज चिरकला. ती राउटरवरच खेकसली, “कोण आहे रे आत?”

सगळे दिवे एकदम विझले. फोनही मुका झाला.

मग तिच्या हातातल्या, कशालाच न जोडलेल्या कार्डावरचा दिवा लुकलुकू लागला.