मधला खांब

भागोजीने उकळत्या पाण्याचं तपेलं मधल्या खांबाच्या बुडाशी उपडं केलं. काळे मुंगळे जागच्या जागी आकसले.

"मेले गो तुझे शिपाई!" तो कुडाकडे तोंड करून ओरडला.

कारवीच्या कुडापलीकडे त्याची भावजय बनुबाई राहत होती. नवरा कुशाबा मुंबईला गिरणीत. वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध कूड उभा राहिला. खांब तेवढा एकच राहिला, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. बनुबाई रोज त्याच्या बुडाशी गुळाचा खडा ठेवी. गुळाला मुंगळे येत आणि भागोजीच्या पोरांना कडकडून चावत. ती हे मुद्दाम करते, याबद्दल कापडे गावात कुणालाच शंका नव्हती.

"मुंगळा चावतो, भावजी," पलीकडून आवाज आला, "पण दिसतो तरी."

"तुझ्यासारखाच!"

मुंगळे पुन्हा आले नाहीत. आषाढात खांबाच्या बुडाशी, भागोजीच्या बाजूला, ओल्या मातीचा उंचवटा फुटला. नागपंचमीपर्यंत तो वीतभर झाला. घरात वारूळ, आणि तेही बरोबर त्याच्याच वाट्यात! भागोजीने हळदकुंकू वाहिलं, दूध-लाह्या ठेवल्या. शेजारीपाजारी पाया पडून गेले.

"देवाला कळतं कुणाकडं जायाचं ते," तो कुडाला ऐकवत म्हणाला.

"देव नाय तो. वाळवी हाय. मुंगळे होते तोवर तिची छाती नव्हती. खरवडून टाका ती माती."

"जळतेस तू, वैनी! लाव हात, बघतोच मी."

बनुबाईने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे दिवसभर ठोकाठोक चालली होती. देवाच्या भीतीने कूड पक्का करते आहे, असं भागोजी सगळ्यांना हसून सांगत सुटला.

दसऱ्याला त्याने वारुळावर घंटा टांगायची ठरवली. खांबाला खुंटी टेकवली आणि हातोडी उचलली. हातोडीचा घाव बसायच्या आतच खुंटी मुठीपर्यंत आत गेली. भोकातून भुसा गळला, त्यात पांढरे किडे वळवळत होते. वरून शाबूत दिसणाऱ्या खांबात नुसती माती होती.

भागोजीने घाबरून वर पाहिलं. दोन्ही घरांचं छप्पर तोलणारी तुळई जागची हलली नव्हती.

त्याने कुडाच्या फटीला डोळा लावला. पलीकडे तुळईखाली ऐनाच्या लाकडाचा नवा टेकू उभा होता. त्याच्या बुडाशी गुळाचा खडा होता, आणि गुळाला मुंगळे लागले होते.