तारण

"हा लोखंडी पट्टा गुलामाच्या गळ्यात असे," रोमच्या संग्रहालयात गाइड सांगत होता. "यावर कोरलंय, 'मी पळालोय. मला धरून मालकाकडे पोचवा.'"

"शी! माणसं होती की जनावरं!" चाकाच्या खुर्चीतल्या एर्सिलियाबाईंनी नाकाला रुमाल लावला. "विओरिका, बाहेर चल. बघवत नाही हे."

बाईंचं सगळं करायला मोल्दोव्हाहून आलेल्या विओरिकाने खुर्ची वळवली. दारात, गाइडचं ऐकायला घेतलेले हेडफोन परत केल्यावर खिडकीतल्या माणसाने तारण ठेवलेला तिचा पासपोर्ट तिच्याच हातात दिला. एरवी तो बाईंच्या पर्समध्ये असे.

"बाईसाहेब, राहू दे ना माझ्याकडे? नाताळात आईला भेटून लगेच परत येते."

"आण इकडे!" बाईंनी तो पर्समध्ये कोंबून चेन ओढली. "पळालीस तर शोधू कुठे तुला? तुझ्या गळ्यात थोडाच पट्टा आहे!"