गळपट्टा

१८९४ साल. ठाण्याच्या खाडीकाठच्या बाळकुमचा व्हॅलेरियन बोटीवर कप्तानाचा बटलर. लिव्हरपूलला बोट लागली तसा कप्तानाचा जुना कोट चढवून तो दुसऱ्या फळीतल्या संघांचा फुटबॉलचा सामना बघायला गेला. शेजारच्या गोऱ्याने सरकून जागा दिली. "पोर्तुगीज का?" त्याने विचारलं. गळ्यातल्या क्रुसाच्या भरवशावर व्हॅलेरियनने खुशाल मान डोलावली.

तेवढ्यात मैदानापलीकडून, खाडीपल्याडच्या माणसाला घालावी तशी हाक आली, "आरं वाल्या! मी पन आयलू रं!" त्याच बोटीवर भट्टीत कोळसा ओढणारा कळव्याचा सहदेव, गळ्यातला लाल गळपट्टा काढून हवेत नाचवत होता.

"ओळखीचा आहे?" गोऱ्याने विचारलं.

"छे! असेल कोणी खलाशी," म्हणत व्हॅलेरियनने तोंड फिरवलं आणि थंडीने खोकत राहिला.

सामना सुटला. व्हॅलेरियन गोऱ्याबरोबर बाहेर पडला, तर फाटकाशी सहदेव वाट बघत उभाच. धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हॅलेरियनला झालं. सहदेवने एकवार त्या गोऱ्याकडे पाहिलं, मग वाकून व्हॅलेरियनला सलाम केला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "साहेब, तुमचा गळपट्टा आत पडला होता."

व्हॅलेरियनने तो घेतला. लोकरीत सहदेवच्या मानेची ऊब अजून होती.