टोपी उजव्या हातानं

"आज अनिश खेळणार नाही," कोच वॉल्टर म्हणाला आणि रविंद्रचं डोकंच फिरलं.

बेसबॉलच्या मॅचची शेवटची इनिंग उरली होती. चेंडू टाकणारा पहिला पिचर पार दमला होता. आता चेंडू राखीव पिचरच्या, म्हणजे अनिशच्या हाती जायचा. रविंद्रचं जहाज दोनच दिवस सिंगापूरच्या बंदरात होतं. उद्या तो निघाला की आठ महिने समुद्रावर. पोराला एकदा डोळे भरून खेळताना पाहावं म्हणून नवाकोरा हँडीकॅम घेऊन तो भर उन्हात तिष्ठत बसला होता. आणि हा गोरा म्हातारा खुशाल नाही म्हणतो! आला मोठा शहाणा!

"का? काय चुकलं त्याचं?" रविंद्रने इंग्रजीत विचारलं.

"वॉर्म-अपलाच त्याचा हात दुखत होता. काल याला कुणी चेंडू टाकायला लावले?"

"मी! ईस्ट कोस्टच्या वाळूत, काळोख पडेपर्यंत. बाप आहे मी त्याचा!"

वॉल्टर लालबुंद झाला. "मॅचच्या आदल्या दिवशी पिचरचा हात राखायचा असतो! अमेरिकेत मी व्यावसायिक बेसबॉल खेळलो, राखीव पिचर म्हणूनच. दुसऱ्यानं बिघडवलेली मॅच सावरायला रोज मला पाठवायचे. प्रत्येक जण प्रेमानंच म्हणायचा, बस, आज एकदाच. म्हणून आता नुसता शिकवतो."

"तुमचं रडगाणं मला सांगू नका!"

"बाबा, कॅन लाह! जमेल मला!" अनिश मधे पडला. "एकच इनिंग. तुम्ही उद्या जाणार ना."

वॉल्टरने स्वतःची टोपी काढून त्याच्यापुढे धरली. "घाल. उजव्या हातानं."

अनिशने हातातला चेंडू डावीकडे घेतला आणि उजव्याने टोपी धरली. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. ओठ घट्ट दाबून त्याने मान वाकवली आणि डोकंच टोपीपाशी नेलं.

पंचांनी दुसऱ्या मुलाला आत घेतलं. वॉल्टरने टोपी काढून घेतली आणि आपल्या डोक्यावर चढवली, डाव्या हाताने. उजवा तसाच लोंबत होता.

रविंद्रला संताप आवरेना. कुणाचा, ते कळत होतं म्हणून तर जास्तच. त्याने अनिशकडून चेंडू हिसकावला आणि लांब भिरकावून द्यायला हात उगारला.

त्याचा हात मात्र सहज वर गेला. पार डोक्याच्याही वर.